पोतनीसांचा राजीनामा

वासंतीने काचेखालच्या फटीतून हात आत घातला आणि खिडकीपलीकडच्या संगणकाचा पडदा सरळ स्वतःकडे वळवला.

"अरे मैडम, ये क्या कर रही हैं आप!" आतला बाबू खुर्चीतून अर्धवट उठला.

"देख रही हूँ. आप तो बस नामंजूर-नामंजूर बोल रहे हो. का नामंजूर, ते कळायला नको?"

शेवटचं वाक्य मराठीत गेलं. वासंतीचं हे नेहमीचंच होतं. संगमनेरहून लग्न होऊन ती उज्जैनला आली तेव्हापासून तिची हिंदी भाजीवाल्यांकडून आणि मालिकांमधून जमेल तशी गोळा झाली होती. एरवी ती ठीक चालायची, पण एखादी गोष्ट जाणून घ्यायची ओढ लागली की हिंदी मागे राहायची आणि वासंती पुढे जायची. आणि ओढ तिला कशाचीही लागायची. रिक्षावाल्याचं सासर कुठलं, समोरच्या घराला तोच रंग का दिला, डॉक्टरांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे का, हे सगळं तिला माहीत असायचं, कारण तिने विचारलेलं असायचं.

बाबूच्या टेबलावर शैलेंद्र अशी पाटी होती. पोरगा भला असावा. त्याने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला, पण वाचून दाखवलं.

"कारण में लिखा है, कर्मचारी ने सेवा स्वेच्छा से छोड़ी. कंपनी ने यही भरा है. भत्ता उसको मिलता है जिसको निकाला गया हो. जो खुद छोड़े, उसको नहीं."

"पर निकाला है उनको."

"तो कंपनी से पूछिए."

कंपनी म्हणजे मक्सी रोडवरचा शाळेची दप्तरं शिवणारा कारखाना. वासंतीचा नवरा सुहास पोतनीस तिथे स्टोअर सांभाळायचा. धाग्याची रिळं, चेन, बकलं, कापडाचे गठ्ठे, सगळं त्याच्या ताब्यात. पोतनीसांच्या पूर्वजांनी म्हणे दरबाराचा खजिना सांभाळला होता. त्या मानाने चेन आणि बकलं म्हणजे जरा उतरणच झाली, असं वासंती त्याला चिडवायची. सुहास चिडायचा नाही. तो कशानेच चिडायचा नाही, हीच तर त्याची खोड होती. थंडी सरत आली असताना कारखान्याने शिवणखातं बंद केलं आणि एका संध्याकाळी सुहास घरी येऊन म्हणाला, "काढलं." एवढंच. हात-पाय धुतले आणि पानावर बसला.

पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, आणि नोकरी गेली तर काही महिने अर्धा पगार मिळतो, हे वासंतीनेच शोधून काढलं. मोबाइलवर अर्जही तिनेच भरला. मुलगी ईरा इंदूरला नर्सिंग शिकत होती, तिच्या फीचा पुढचा हप्ता जवळ आला होता. भत्ता आला तर फी भागणार होती. नाही आला तर संगमनेरच्या भावाला फोन करावा लागणार होता, आणि भाऊ पैसे देणार होता, आणि मग प्रत्येक लग्नामुंजीत ते सगळ्यांना सांगणार होता. तो फोन वासंतीला करायचा नव्हता.

विम्याच्या दफ्तराच्या पायऱ्यांवर उभं राहूनच तिने कारखान्यात फोन लावला. विक्रांत म्हणून एक कारकून होता, दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन घरी यायचा.

"भाभीजी, अब मैं क्या बताऊँ," विक्रांतचा आवाज एकदम खाली आला. "उनका तो राजीनामा हो गया था. हमारी तरफ से मामला खतम है."

"राजीनामा? कधी? मतलब, कब?"

"उसी हफ्ते. भैयाजी ने बताया नहीं?"

वासंतीने फोन बंद केला. पायरीवर एक म्हातारा कागदांची पिशवी उशाला घेऊन झोपला होता. एरवी तिने त्याला उठवून चौकशी केली असती. आज ती त्याला वळसा घालून खाली उतरली.

टावर चौकापर्यंत ती चालत आली. शेवेच्या दुकानापुढे थांबली, भाव विचारला आणि न घेताच निघाली. राजीनामा. म्हणजे काढलं नव्हतंच. हाच उठला, राजीनामा दिला आणि घरी येऊन खोटं बोलला. ज्या माणसाने केस कापणारासुद्धा कधी बदलला नाही, त्याने नोकरी सोडली?

माधव नगरातल्या त्यांच्या घरी सुहास स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. घरी बसायची वेळ आल्यापासून त्याने घराचंच स्टोअर करून टाकलं होतं. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, चिठ्ठ्यांवर तारखा. जुना माल पुढे, नवा मागे. आत्ता तो मसाल्याच्या बरण्या पुसत होता.

"झालं का काही?" त्याने वर न बघता विचारलं.

वासंतीने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुमचा राजीनामा झाला होता?"

सुहासच्या हातातलं फडकं थांबलं.

"कोणी सांगितलं?"

"विक्रांतने."

"मग समजून गेलंच असेल तुला सगळं." त्याने बरणीचं झाकण नीट फिरवून बंद केलं. "मला दुसरा रस्ता नव्हता."

"स्वतःहून?"

"स्वतःहूनच म्हण. जबरदस्ती काही नाही केली कोणी. सगळ्यांसमोर हात जोडले, विषय संपला."

"आणि मला सांगितलंत, काढलं."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?" तो आता बरणीकडेच बघत होता. "तू कशाला परेशान होऊन राहिली आहेस? राहू दे तो भत्ता."

वासंतीला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. अर्ज भरताना हा शेजारी बसून आधार क्रमांक वाचून दाखवत होता. तेव्हा बोलता आलं नाही? ती बाहेरच्या खोलीत जाऊन धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. एकच चादर तिने घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

पण राग धरून ठेवणं तिला जमायचं नाही, मध्ये प्रश्न यायचे. राजीनामा देणारा माणूस कागद लिहितो, सही करतो, हिशेब घेतो आणि जातो. हात कशाला जोडतो? आणि तेही सगळ्यांसमोर? तिच्या वडिलांनी बँकेचा राजीनामा दिला होता, त्यांना उलट बाकीच्यांनीच हात जोडले होते. इथे काहीतरी बसत नव्हतं. कोणीतरी याच्याकडून लिहून घेतलं असणार. हा भिडस्त माणूस, नाही म्हणता आलं नसणार, आणि आता लाजेने स्वतःहून म्हणतो आहे. चादरीची घडी होईपर्यंत वासंतीचा सगळा राग कारखान्याकडे वळला होता.

दुसऱ्या दिवशी तिने शैलेंद्रबाबूला फोन करून विचारून घेतलं. दबावाखाली नोकरी सोडायला लावली असेल तर तसा आक्षेप नोंदवता येतो, कंपनीला नोटीस जाते आणि चौकशी होते. मात्र अर्जदाराने स्वतः येऊन अंगठा लावायला हवा. वासंतीने ईराच्या जुन्या वहीतला कोरा कागद घेऊन आक्षेप हिंदीत लिहून काढला. अक्षर सुरेख आलं. नवऱ्याला तिने तो दाखवला नाही, दाखवला असता तर त्याने पुन्हा राहू दे म्हटलं असतं.

"उद्या तुम्हाला यायचंय माझ्याबरोबर. अंगठा लागतो."

"कशाला आता? राहू दे ना."

"ईराची फी राहू देऊ?"

सकाळी त्याने स्कूटर काढली. दफ्तराशी पोचल्यावर मात्र तो आत येईना. आवारातल्या बाकावर बसला आणि म्हणाला, "तू हो पुढे. अंगठ्याची वेळ आली की आवाज दे."

आत रांग होती. वासंतीचा नंबर आला तेव्हा शैलेंद्रबाबूने आधी पडद्याची कड एका हाताने धरून ठेवली आणि मगच कागद घेतला. तो हळू आवाजात वाचू लागला.

"महोदय, मेरे पति श्री सुहास पोतनीस से कंपनी ने दबाव डालकर राजीनामा..." तो थांबला. "मैडम, केस क्या था?"

"केस?"

"पुलिस केस. राजीनामा किससे हुआ? थाने में हुआ कि कोर्ट में?"

"पुलीस कशाला मध्ये?" वासंती म्हणाली. "राजीनामा! नौकरी का राजीनामा. लिखके देते हैं ना, मैं नौकरी छोड़ रहा हूँ?"

"वो तो इस्तीफा हुआ." शैलेंद्रबाबू हसला नाही, त्याने चष्मा काढला. "राजीनामा मतलब समझौता. दो पार्टी में झगड़ा हुआ, थाने गए, दोनों राजी हो गए, कागज बन गया. उसको राजीनामा बोलते हैं. आप मराठी लोग शायद दूसरा बोलते होंगे."

वासंती खिडकीला धरून उभी राहिली. इतकी वर्षं हा शब्द तिच्या कानावरून गेला असेल, शेजारच्यांच्या भांडणांत, रस्त्यावरच्या अपघातांत. प्रत्येक वेळी कोणीतरी नोकरी सोडली असं समजून ती पुढे गेली असेल. आणि सुहास इथला. जन्मापासून इथला. परवा ओट्याशी ती एक विचारत होती आणि तो दुसऱ्याचंच उत्तर देत होता. सगळ्यांसमोर हात जोडले. थाण्यात. तिच्या नवऱ्याने.

"पोतनीस भैया की बात हो रही है क्या?" मागून कोणीतरी विचारलं.

रांगेत मागे एक सावळी, ठेंगणी बाई उभी होती. डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकची फाइल.

"आप उनकी घरवाली हो? मैं शोभा. सिलाई में थी, उन्हीं के कारखाने में. भाभीजी, आपको नहीं मालूम?"

"नहीं मालूम," वासंती म्हणाली. असं म्हणायची पाळी तिच्यावर फारशी येत नसे.

शोभाने तिला रांगेतून बाजूला, भिंतीशी नेलं आणि सांगितलं. शिवणखातं बंद करायचं ठरलं तेव्हा नवे मॅनेजर सगळ्या बायकांसाठी छापलेले कागद घेऊन आले. मी माझ्या मर्जीने काम सोडते आहे, असं त्यावर लिहिलेलं. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांनी सही करायची, नाहीतर राहिलेला पगारही विसरायचा. बायका घाबरल्या. सुट्टीच्या थोडं आधी मॅनेजर कागदांचा गठ्ठा बगलेत मारून शिल्लक माल बघायला स्टोअरमध्ये शिरले. आणि सुट्टीची घंटा झाली तसं सुहासभैयांनी बाहेर येऊन स्टोअरला कुलूप लावलं.

"अंदर वो थे?" वासंतीने विचारलं.

"अंदर वो थे, कागज भी अंदर, और फोन उनका बाहर टेबल पे चार्जिंग में." शोभाने पदर तोंडाला लावला, पण डोळे हसत होते. "भैया तो डिब्बा लेके नीम के नीचे बैठ गए. हमको बोले, आप लोग घर जाओ, आज सुई नहीं चलेगी. हम सब निकल गईं."

दुसऱ्या दिवशी एकही बाई सही करायला आली नाही. शोभाच्या भावाने कामगारांच्या दफ्तरात जाऊन सांगितलं, चौकशीला माणूस आला. मग मालकांनी मुकाट्याने सगळ्यांना रीतसर नोटीस दिली, कामावरून कमी केल्याची. त्यामुळे सगळ्यांचे अर्ज मंजूर झाले. शोभा आज खात्याचा नंबर दुरुस्त करायला आली होती. मॅनेजर मात्र थेट थाण्यात गेले. कोंडून ठेवल्याची तक्रार. मालकांनाही बोभाटा नको होता, म्हणून राजीनामा झाला. सुहासभैयांनी सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायची, नोकरी स्वतःहून सोडायची, आणि तक्रार मागे.

"हम लोग तो समझे थे, घर में सबको मालूम होगा," शोभा म्हणाली. "हम घर आने वाली थीं मिलने. भैया ने ही मना कर दिया."

खिडकीतून शैलेंद्रबाबूने हाक मारली. रांग खोळंबली होती.

"मैडम, आवेदन लूँ कि नहीं? नोटिस जाएगा तो कंपनी जवाब में सब लिखेगी. समझौता भी, शिकायत भी. फिर जो खुलेगा सो खुलेगा. आप देख लो."

वासंतीने कागदाकडे पाहिलं. कागद आत दिला तर भत्त्याची थोडीफार आशा होती. नाही दिला तर संगमनेरचा फोन अटळ होता. भावाचा आवाज तिला आत्ताच ऐकू येत होता, आधी काळजीचा आणि मग जरासा मोठा, शेजारच्या खोलीतल्या वहिनीला जाईल असा. तिला रडू येईल असं वाटलं, आणि आलंही थोडंसं. तिने ते पदराने पुसलं आणि फटीतून हात आत घालून आपला कागद उचलून घेतला.

"रहने दो," ती म्हणाली. "निकाला नहीं उनको. कंपनी ने सही लिखा है."

"मतलब इस्तीफा था, राजीनामा नहीं?"

"दोनों था."

शैलेंद्रबाबूने मान डोलावली आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर ऊन चढलं होतं. सुहास बाकावर तसाच बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ती येताना दिसली तसा तो अंगठा लावायला म्हणून उठला.

"बसा," वासंती म्हणाली आणि स्वतःही शेजारी बसली.

समोर एक माणूस सायकलच्या कॅरिअरवर कागद ठेवून सह्या करत होता. कसल्या सह्या, हे विचारायला वासंती उठली नाही.

"शोभा भेटली आत," ती म्हणाली.

सुहासने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरला कुलूप लावतोच," तो म्हणाला. "आदत आहे. घंटा झाली, लावलं. मुद्दाम नव्हतं ते."

"थाण्यात असंच सांगितलंत?"

"हो."

"त्यांना पटलं?"

"लिहून घेतलं त्यांनी."

वासंतीने पदराने मान पुसली. तिच्याकडे प्रश्नांचा ढीग होता. थाण्यात कोण कोण होतं, उभं केलं होतं की बसवलं होतं, पाणी तरी विचारलं का. तिने ते सगळे बाजूला ठेवले.

"दार वाजवत होता का तो?"

"वाजवत होता."

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"कडुलिंबापर्यंत ऐकू येतं," तो म्हणाला.

"आणि तुम्ही जेवत होतात."

"सुट्टी होती ना."

"काय दिलं होतं मी त्या दिवशी डब्यात?"

"गिलकी."

वासंती त्याच्याकडे बघत राहिली. घोसाळ्याला हा माणूस गिलकी म्हणायचा आणि गिलकी म्हणून का होईना, ती त्याच्या घशाखाली कधी उतरली नव्हती. ईरा पोटात असल्यापासून डब्यातली गिलकी निम्मी परत यायची, आणि दर वेळी त्यावरून घरात दोन शब्द व्हायचे.

"मग? टाकलीत?"

"नाही," सुहास म्हणाला. "सगळी खाल्ली. सावकाश." मग समोर बघत, जरा लाजून, त्याने पुढचं सांगितलं. "छान लागली त्या दिवशी."